फोटोतले हातमोजे

धुळ्याच्या दवाखान्यात रांगेत शिल्पाच्या पुढे रमजान उभा होता. छपरावर चढवताना पत्रा वाऱ्याने फिरला आणि त्याचा तळहात फाटला होता. त्याची बायको शहजादी ठेकेदाराशी भांडत होती.

“हातमोजे दिले होते, भाभी. हा बघा फोटो.”

“अन् हा तुमच्याच कामावरच्या माझ्या भावाचा फोटो. अंगठ्याला भोक तेच! सगळ्या माणसांत एकच जोडी का, नाना?”

“मालकाला फोटो पाठवावा लागतो.”

“फोटो निघाला की मोजे काढून घेता, अन् नुसत्या हातांनी पत्रे उचलायला लावता!”

“रोज वापरले तर फाटतील ना.”

“आता कुठे आहेत?”

“गाडीत. जपून ठेवलेत.”

“आणा मग. टाके पडले की चढवा यांच्या हातावर, अन् काढा अजून एक फोटो!”