घरी येण्याची फी

दिल्लीच्या द्वारका भागातल्या विमा कार्यालयात काउंटरवरचं पेन दोरीला बांधलं होतं. दोरी सहीच्या रेघेपर्यंत पोचत नव्हती. माझ्यापुढे एक वयस्क मराठी जोडपं उभं होतं.

“अहो, ही घरी येण्याची फी कसली?”

“पॉलिसी लॅप्स झाली ना, म्हणून त्यांचा माणूस गाडी तपासायला येणार.”

“अच्छा. पाहुणा घरी येणार आणि वर आहेरही घेणार.”

“गाडी इथे आणली तर नाही लागत.”

“मग आणा की.”

“मोतीबिंदू काढल्याशिवाय कशी आणू?”

“तीन वर्षं पिकतोय तो. माझं लायसन्स मात्र कपाटात अगदी सुरक्षित आहे.”

“दिल्लीत चालवणं सोपं नाही, हेमलता.”

“बिल्कुल. सोसायटीचा खांब पाडायला अनुभव लागतो.”

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “अंकल, गाडी घर पे देखें?”

“नहीं. मॅडम लेकर आयेंगी. अब गाडी वही चलायेंगी.”