पट्टा नसलेली करवत

…चालवून दाखवा म्हणताय ते बरोबरच आहे, लोणी काळभोरहून एवढ्या उन्हातून आलात, न चालवता करवतीचं मशीन कोण घेईल — पण आधी हात तर लावून बघा, सगळं बिडाचं आहे. आमच्या ह्यांनी जुन्या बाजारातून आणलं तेव्हा नुसता गंजाचा ढीग होता. मी म्हटलं, गाडी विकून गॅरेजात हे ठेवायचं? — हसले नुसते. वर्षभर रॉकेल आणि पॉलिश पेपर, घराला तोच वास. आणि चाललं की हो, पहिल्याच दिवशी मला पोळपाट करून दिला.

कोण, मशीनमागे पाना घेऊन बसलेत ते? — तेच हे. हसतील तुमच्याकडे बघून, ओळखीचं म्हणून नाही, सवयीनं. मला हल्ली बाई म्हणतात. वाईट वाटतं का? — वाटायचं. आता काही वाटत नाही. दिवाळीत मशीन चालू करून उभे होते, फिरत्या पात्याकडे बघत, आणि हात हळूहळू पुढे — मी बटण बंद केलं. प्लग काढला तर ते परत लावतात, म्हणून मोटरीचा पट्टाच काढून तांदळाच्या डब्यात ठेवला. आता मोटर घुमते, पातं जागचं हलत नाही.

तेव्हापासून रोज दुरुस्ती. नाश्ता झाला की इथे येतात, बोल्ट सोडवतात, पुसतात, परत लावतात, आणि जेवायच्या वेळेला मला सांगतात — बाई, दोष सापडला, पट्टाच नाहीये. चेहरा बघावा तेव्हा. मी म्हणते, दुकान बंद आहे, चारनंतर उघडेल. पुण्यात तेवढं एक बरं, दुकान बंद म्हटलं की कुणी शंका घेत नाही. चारपर्यंत विसरतात. दुसऱ्या दिवशी परत सापडतं.

सलिल, मुलगा आमचा, बंगळूरला असतो — तो म्हणाला विकून टाक, धोका नको. जाहिरात त्यानंच टाकली. खरंच आहे त्याचं. थांबा, डब्यातून पट्टा आणते, लावला की लगेच फिरेल, मग तुम्ही टेंपोत घालून — उद्या नाश्ता झाला की हे इथे येतील, आणि —

नाही. काही नाही. बिघडलंय हो ते, चालत नाही. सलिलला काय कळतंय तिकडे बसून. पाणी प्यायलात ना? मग निघा तुम्ही, ते हाक मारतायत मला.

हो, आले. काय — पट्टा नाहीये होय? बरं झालं सापडलं. दुकान बंद आहे हो आत्ता, चारनंतर बघू.