दम धरून पोलीस भरती

माह्या घरचं खाऊन रक्त कमी झालं म्हणते! घ्या! हा माहा साळा, पोलीस भरतीच्या धावणीचा सराव कराले निघाला अन् धावला श्वास रोखून. काऊन? तं कबड्डीत दम धराची सवय. अर्ध्या मैदानात तोंड निळं, अन् धाडकन खाली!

डॉक्टर म्हणे, "रक्त भरपूर आहे. पण पायाले हवा रक्तच नेते. तू आत घेतलीच नाही, तं ते काय नेईन?"

मी म्हटलं, "म्हणजे बैलगाडी रिकामीच फिरून राह्यली होती!"

तरी घरी येऊन बहिणीले सांगते, "दाजीच्या घरी रक्त आटलं." तवापासून बायको माह्यासंगं बोलत नाही. भरती सोमवारी आहे.

गजा, त्याले कबड्डी तूच शिकवली न बे? घरी तोंड बराबर उघडते त्याचं. उद्या सकाळी ये, अन् मैदानात उघडाले शिकव.