ओदेतनं मला बाहेर बसवलं

माझं माहेर नगरकडचं, राहुरीजवळ एक वाडी हाये तिथलं. बाप चर्चची घंटा वाजवायचा अन् बाकीच्या वेळी दुसऱ्याच्या रानात राबायचा. मी नर्सिंग केलं, सुईणपणाचं शिक्षण घेतलं अन् लग्न होऊन विक्रोळीला आले. आमचे हे कारखान्यात फिटर. आम्हाला लेकरू न्हाई झालं, हे पहिलंच सांगून टाकते, म्हंजे तुम्हाला विचारायला अवघडायला नको. कारखाना बंद झाला त्या साली आमचे पास्टर घरी आले, म्हणाले, तिकडं आफ्रिकेत काँगोमधी मिशनचा दवाखाना हाये, नर्स पाहिजे अन् जनरेटर सांभाळणारा पाहिजे, जाता का तीन वर्षं? यांनी नकाशासुद्धा बघितला न्हाई, म्हणाले, शांते, चल. तिनाची अकरा वर्षं झाली, काय सांगू तुम्हाला.

भाषेनं लई फजिती केली. पहिल्या महिन्यात मी बाळंत होणाऱ्या बाईला जोर कर म्हणायच्या ऐवजी झोप म्हणायचे, अन् ती बिचारी ऐन कळांमधी माझ्याकडं बघत राहायची की ही कोण येडी आलीय. मंग ओदेत हसून हसून खाली बसायची. ओदेत म्हंजे तिथं झाडलोट करणारी, तीन लेकरांची आई. तिनं मला बोलायला शिकवलं अन् मी तिला सुईणपण शिकवलं. हात लई चांगला तिचा. पण अवघड बाळंतपण आलं की मी तिला बाजूला करायचे. भरवसा नव्हता असं न्हाई, पण माझेच हात पुढं जायचे.

मंग यांची शुगर वाढली, डोळ्यानं कमी दिसायला लागलं, मिशननं कळवलं की आता परत या. माझ्या जागी दुसरी नर्स काही मिळंना. मी साड्यांच्या घड्या घालत होते, पण जीव सगळा दवाखान्यात. लोक तर रोज काहीतरी घेऊन यायचे, एक आजी जिवंत कोंबडीच घेऊन आली, म्हणाली, विमानात मांडीवर घे, गुमान बसती.

निघायला चार दिवस राहिले असतील. सकाळी सकाळी एका पोरीला सायकलवर बसवून आणलं, पहिलटकरीण, अन् लेकरू पायाळू. मी हातातली साडी तशीच टाकून पळाले. दारात ओदेत आडवी उभी. मला म्हणती, मामा, तिकडं आईला मामा म्हणतात बरं का, मामा, तू शुक्रवारी जाणार, मंग शनिवारी अशी बाई आली तर मी कुणाला विचारू? तू बाहेर बस.

मला असा राग आला! अकरा वर्षं मी शिकवलं अन् ही मलाच बाहेर काढती? पण खरंच बोलत होती ती. आंब्याखाली पोरीसंगं आलेल्या बाया होत्या, त्यांच्यात जाऊन बसले. हे येऊन शेजारी बसले, म्हणाले, शांते, मशीन दुसऱ्याच्या हाती दिलं की पाना पण द्यायचा असतो. मी म्हणलं, तुम्ही गप बसा. पदराचं टोक पिळून पिळून त्याची दोरी झाली, डोळे मिटून प्रार्थना करत होते पण कान सगळा आत.

अन् आतून ओदेतचा आवाज आला. मराठीत! जोर कर बाय, जोर कर, आलं आलं! आता त्या बाळंतिणीला त्यातलं काय कळलं असंल? पण मी घाईत जे बोलायचे तेच तिच्या तोंडात बसलेलं. यांना हसू फुटलं, मला हसू अन् रडू दोन्ही, अन् तेवढ्यात लेकरू असं ठणठणीत रडलं की झाडाखालच्या सगळ्या बाया उठून नाचायला लागल्या. मला बी ओढलं. ओदेत दारात आली, घामानं भिजलेली, म्हणाली, मुलगी हाये, दोघी खुशाल. मी तिच्या पाया पडायला वाकले तर ओरडलीच माझ्यावर.

शुक्रवारी जीप निघाली तेव्हा सगळ्या केन्दे मलामू, केन्दे मलामू म्हणत मागं धावत होत्या, म्हंजे नीट जा.

आता विक्रोळीत हावोत. यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, झकास पेपर वाचतात. शेजारच्या कांबळे वहिनींची सून पोटुशी हाये, तिला रोज चालायला नेते. रविवारी चर्च सुटलं की ओदेतचा फोन येतो. पहिल्यांदा मला वाटायचं, अडली असंल कुठं तरी, म्हणून हातातलं टाकून फोनकडं पळायचे. पण ती विचारायला फोन करतच न्हाई, सांगायला करती, मामा, ह्या आठवड्यात चार झाली, सगळ्या आया घरी गेल्या. बास. प्रभू तिचे हात असेच चालू ठेवो, अन् आम्हाला ऐकायला कान देवो.