बेटावरचं कुंपण

– आधी त्या माणसांना कुऱ्हाडी खाली ठेवायला सांगा, भाऊ! चहा घ्या. माझ्या ओट्यावरून कोणी चहा घेतल्याशिवाय उठत नाही, तुम्हाला काय हे नवीन आहे? सत्तावन्न साली तुम्ही पुण्याहून दुर्बीण गळ्यात घालून आलात तेव्हा हसले होते मी – पाखरं बघायला कोणी एवढ्या लांब येतं का, म्हणून! पण आमचे हे? हे तर खुळेच झाले. तापीतल्या बेटावरची ती काळ्या टोपीची, पिवळ्या चोचीची पाखरं तुम्ही यांना दाखवलीत, सुरय म्हणालात, उघड्या वाळूत अंडी घालतात म्हणालात – झालं! जन्मभर डोळ्यांसमोर होती, पण त्या दिवसापासून ती यांची लेकरं. आमची शोभा नुकतीच सासरी गेलेली, घर खायला उठायचं… मग काय, चैत्र लागला की माणूस बेटावर. भाकरी मी तिथे पोचवायची.

कुंपण? हो, यांनीच लावलं, नाही कोण म्हणतं? उन्हाळ्यात मधली धार आटते, गुडघाभर पाण्यातून गावच्या शेळ्या बेटावर चढतात, अंडी तुडवतात – मग माणसाने करायचं काय? शेताला करतो तेच केलं. सुक्या काट्या पुरात वाहून जायच्या, म्हणून वेडी बाभूळ लावली. जितं कुंपण! शेळी तिच्या पाल्याला तोंड लावत नाही ना. नदीच्या मधोमध घागरीने पाणी घातलं हो रोपांना! बायका हसायच्या मला. पण शेंगा? शेंगा शेळीला गुळासारख्या गोड, हे कोणाच्या ध्यानात? बाहेरून शेंगा खाल्ल्या, फटीतून आत शिरल्या, बेटभर लेंड्या टाकल्या – राहिलेल्या शेंगा पुराने पसरवल्या, आणि बेटभर बाभूळच माजली. तिथली जुनी झाऊची झुडपं गेली, गवत गेलं, वाळू दिसेना. वाळू नाही तर पाखरू बसेल कुठे? सांगा ना. नका सांगू. मला ठाऊक आहे.

यांना? नाही, यांना नाही कळलं. तोवर लकव्याने खाटेवर पाडलं होतं ना. रोज संध्याकाळी मी नदीवरून पाणी घेऊन आले की विचारायचे, "पाखरं उनात का वं?" – आली का गं, म्हणून. मी आताच बेट बघून आलेली – नुसता हिरवा काटा, एक पंख नाही. आणि सांगायची, "उनात." "अंडा?" "घाली ऱ्हायनात." मग पिल्लंही सांगितली मी – कशी तुरूतुरू पळतात, घार आली की वाळूत कशी दबून बसतात… तुम्हीच एकदा या ओट्यावर सांगितलेलं सगळं, तेच. हसायचे हो. अर्धंच तोंड हसायचं, पण हसायचे. तसेच गेले.

आणि तुम्ही म्हणता, ती बाभूळ तोडू द्या, वाळू मोकळी झाली की पाखरं येतील! यांच्या हातांनी लावलेलं दुसरं काय उरलंय माझ्याकडे? शेत पुतणे कसतात. रोज घाटावर उभी राहून त्या काट्यांना शिव्या देते, आणि कोणी सरपणाला एक फांदी तोडली तर त्याच्याशी भांडते. वेडीच मी. त्या बाभळीपेक्षा वेडी. – नाही हो, रडत नाही. चुलीचा धूर आहे. विझलीय चूल? असू दे विझलेली.

थांबा. ही घ्या. यांची कुऱ्हाड. दांडा जपून धरा, जरा हलतो. आणि मुळासकट काढायला सांगा, वरवर तोडली तर दुप्पट फुटते ती, मेली. असं काय बघता? उनात म्हणून सांगितलंय मी त्यांना, भाऊ. रोज सांगितलंय. आता यायलाच पाहिजेत ना ती?

चहा राहू द्या. जा. जा म्हटलं ना!