मंजूर कारण
बसच्या रांगेत माझ्या मागे दोघं बोलत होते. एक जण कंपनीचा फिरता विक्रेता, दुसरे तिथल्याच हिशेबखात्यातले काका.

“दौरा अर्धवट टाकून परतायचं तिकीट मागितलं होतं मी, काका. आई अत्यवस्थ होती.”

“मग?”

“खर्च तपासणारं ते नवं एआय म्हणालं, नियमात बसत नाही.”

“अरे, मला फोन करायचास. सही ठोकली असती.”

“तुमच्या सहीला आता कोण विचारतंय?”

“तेही खरंच. मग स्वतःच्या पैशानं निघायचंस.”

“मंजुरीशिवाय दौरा सोडला म्हणून नियमभंग लागला असता. दोन आधीच झालेत. तिसऱ्याला घरी बसवतात.”

“मग आलास कसा?”

“दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज केला. लगेच मंजूर झाला.”

“असं काय बदललंस त्यात?”

“तोवर ‘आई अत्यवस्थ’ खोडून ‘आई वारली’ लिहायची वेळ आली होती.”