चार बोटं वर

चार बोटं! आता तुम्हीच सांगा, चार बोटं हे काय माप झालं? कोणाची बोटं? आडवी की उभी? ज्या बुधवारी बाई गेल्याची तार आली ना, त्या बुधवारी सकाळीसुद्धा मी लकडगंजात नत्थू मिस्त्रीच्या छपराखाली पँटला वंगण फासून ह्याच गोष्टीवर भांडत उभा होतो. साधा बुधवार हो! सकाळी नळ गेला, चहात साखर कमी पडली, समोर आरागिरणी कर्कर करत होती. आणि मी, बी.ए. झालेला माणूस, दोन बाप्यांची बोटं एकमेकांशेजारी ठेवून मोजतोय!

बाई म्हणजे माझी मोठी बहीण, तुळसाबाई. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. तिचं गाव रस्त्यापासून आत, मध्ये एक नाला. गुडघे गेलेले. तीन वर्षं माहेरी आली नव्हती.

आणि माझी पिकप! तुम्हाला सांगतो, कामठीच्या मिलिटरी लिलावातली गाडी. गांधीबागेतून लुगड्यांचे गठ्ठे भरायचे आणि आठवडी बाजार गाठायचे, हा आपला धंदा. गठ्ठे वाहून वाहून मागचे पाटे बसले, म्हणजे चाकांवरच्या त्या लोखंडी कमानी हो, ज्यांच्यावर सगळी गाडी तोललेली असते. नाक वर, बूड खाली! कुत्रं बसतं ना दारात, तशी उभी राहायची.

तर मागच्या भाऊबीजेला बाईला आणायला निघालो. नाल्यात उतरलो आणि मधल्या दगडावर पेट्रोलची टाकी अशी घासली, अशी घासली... मागे घेतली म्हणून वाचली. पलीकडच्या काठावर बाई उभी. हातात काठी, काखेत बोचकं, शेजारीण पंचफुला आधाराला. तिथूनच बाईनं एक डोळा मिटला, हात आडवा धरला आणि ओरडली, "वामन्याऽऽ, चार बोटं वर असती तं आली असती ना गा!"

चार बोटं! वीस पावलांवरून!

मी म्हटलं, बाई, बैलबंडीत बसून अलीकडे ये, इथून गाडीत बसवतो. तर म्हणते कशी, "बंडीत काहून येऊ? अख्ख्या गावाले सांगून ठेवलं, भावाची मोटर दारात येईन म्हणून. बंडी कापसाले, नाही तं मढ्याले!" मग काय? तिनं पलीकडूनच मला ओवाळलं. ताट हवेत फिरवलं, दिवा वाऱ्यानं विझला, आणि मी अलीकडे मान वाकवून उभा. निघताना ओरडलो, "गाडी वर करून घेतो आणि येतो!"

दोन दिवसांचं काम. मी पाच महिने लावले. का? कारण ह्या नागपुरात मत नसलेला माणूस मला भेटला नाही!

नत्थू मिस्त्री म्हणाला, "साहेब, दोन्हीकून एकेक पाटा वाढवून टाका. गाडी हत्तीवाणी उभी राहाते का नाही पाहा." झालं, म्हटलं, टाक! पण शेजारी गणपतराव लाकूडवाले उभे. ते मध्ये बोलले नाहीत असं आजवर झालेलं नाही. "पाटा? अन् गाडी रिकामी असली का उडंन ना गा! बहिणीच्या गुडघ्याचा भुगा करतं का? सागवानाचा ठोकळा टाक पाट्याखाली. माह्या वखारीतला देतो, तुह्या नातवाले पुरंन." म्हटलं, बरं, ठोकळा. तर नत्थू हसतो. "ठोकळा सरकला तं साहेब, चाक एकीकडं, तुमी एकीकडं, अन् गणपतराव वखारीत!"

महालात भैय्याजी ट्रान्सपोर्टवाले. ते म्हणाले, "अरे छोडो ना पाटाबिटा! टायर मोठे टाका." म्हटलं, मोठे टायर मडगार्डला घासतील. "तं मडगार्ड कापा!" मडगार्ड कापा! उद्या डोकं दाराला लागतं म्हटलं तर हे मान कापायला सांगतील!

चौथा म्हणाला, पाटे भट्टीत तापवा, कमान नव्यानं मारा. पाचवा म्हणाला, पाटे टांगायच्या कड्याच लांब टाका. सहावा... सहाव्याकडे तर गाडीसुद्धा नव्हती हो, सायकल होती! आणि मी शहाणा, वहीत लिहून घेतोय. कडक कोण, मऊ कोण, टिकाऊ कोण. कांता, आमची मंडळी, वही बघून म्हणाली, "अहो, आपल्या जयाला स्थळं पाहताना तुम्ही इतक्या चौकशा केल्या नव्हत्या." म्हटलं, जयाचे गुडघे शाबूत आहेत!

फाल्गुनात शेवटी पाटा ठरला. नत्थूनं विचारलं, "किती उचलू?" म्हटलं, चार बोटं. त्यानं हात लावला. आता नत्थूचं एक बोट प्रेसमध्ये चेचलेलं, म्हणजे त्याची चार बोटं ही साडेतीन. गणपतरावांनी हात लावला. त्यांची बोटं म्हणजे केळी, चारात एक वीत भरते! नत्थू म्हणतो एक पाटा, गणपतराव म्हणतात दोन. मी म्हटलं, थांबा! ज्या बोटांनी सांगितलं ती बोटं मोजू. आणि मी काय केलं असेल? बाईला पाकीट पाठवलं! आत कोरा कागद. "सौ. पंचफुलेस विनंती, बाईंचा हात ह्या कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवावी आणि उलट टपाली धाडावे."

हसा, हसा. शिकलेल्या माणसाची चूक अशी असते. अडाण्यानं अंदाजानं गाडी उचलली असती आणि बहिणीला घेऊन आला असता.

उत्तर येईना. पंधरा दिवस झाले. त्या बुधवारी मीच चिडलो, म्हटलं, नत्थू, टाक एकदाचा पाटा! त्यानं डावी बाजू केली. गाडी जॅकवरून खाली घेतली, तेवढ्यात आले गणपतराव. "हे चार बोटं? हे तं माही अडीच!" झालं सुरू पुन्हा. उजवी करायच्या आधी डावी खोलायची का, इथवर आलो. आणि सायकलरिक्षा थांबली. आत कांता.

कांता लकडगंजात कधी आली नव्हती. तिच्या हातातला तारेचा कागद मला दिसला, तेव्हाच कळलं.

नत्थू म्हणाला, "साहेब, उजवी बाजू बाकी हाय." म्हटलं, राहू दे.

तशीच काढली गाडी. डावीकडून वर, उजवीकडे कललेली. कांता दाराला धरून बसली. नाला आला. दगड तोच, तिथेच. मी गाडी घातली... आणि तुम्हाला सांगतो, टाकी घासली नाही. बिलकूल नाही! कारण टाकी कुठल्या बाजूला आहे? डाव्या! फक्त डाव्या! उजव्या बाजूला घासायला काही नाहीच! मिस्त्री, ट्रान्सपोर्टवाले, लाकूडवाले, सायकलवाला आणि एक बी.ए., पाच महिने गाडीभोवती फिरले, आणि एकालाही वाकून बघायचं सुचलं नाही. एका बाजूनं भागत होतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भागत होतं!

मोटर दारापर्यंत गेली. दारात बायका बसल्या होत्या. पंचफुला उठली, गाडीकडे बघितलं आणि आत तोंड करून म्हणाली, "तुळसाबाई, आली वं तुही मोटर."

तिसऱ्या दिवशी तिनंच तो कागद दिला. घडी घालून देवाच्या फळीवर ठेवलेला. भोवती पेन्सिल फिरवलेली, अंगठ्यापाशी हळदीचा डाग. म्हटलं, टाकला का नाही पोस्टात? पंचफुला म्हणाली, "म्या म्हटलं ना भाऊ, टाकतो. तं बाईच म्हणे, राहू दे वं, तो येईनच ना न्यायले, हातीच देईन. अन् हसे नुसती. म्हणे, इतका शिकवला अन् ह्याले चार बोटं मोजता येत नाही."

गणपतराव अजून भेटले की विचारतात, "काहून गा वामनराव, गाडी तिरपी काहून चालून राहिली?" नत्थूनंही दोनदा निरोप धाडला, पाटा आणून ठेवलाय म्हणे. गठ्ठे उजवीकडे घसरतात, गिऱ्हाईक हसतं. माप आता घरात आहे, अगदी बिनचूक, कपाटात, त्याच वहीत.

उजवी बाजू मी अजून उचललेली नाही.